मोसमाआधीचा बर्फ

चीनच्या लढाईनंतर दोन वर्षांनी आमची पलटण उत्तरेच्या सरहद्दीवर होती. बरोबर माझ्याच गावचा, कराडकडचा, एक दोस्त होता. एकाच दिवशी भरती झालो होतो आम्ही.

ऑक्टोबर संपत आला होता. दोन दिवस बर्फ पडला, फार नाही, गुडघ्याएवढा. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या चौकीवर रॉकेल पोचवायचा हुकूम आला. उतार आडवा ओलांडायचा होता. आमचा पहाडी हमाल तिथेच थांबला. म्हणाला, "खाली गुळगुळीत गवत, वर वाऱ्यानं आणून टाकलेला बर्फ. पहिला बर्फ धरत नाही. डोंगराच्या धारेवरून चला." धारेनं तीन तास जास्त लागले असते.

आमच्या तुकडीचा साहेब हसला. बर्फाचे कडे फेब्रुवारीत कोसळतात म्हणे! बर्फाखाली गाडला गेलेला माणूस सापडावा म्हणून कमरेला बांधून मागे सोडायच्या लांब लाल दोऱ्या असतात. त्या स्टोअरमध्ये कुलपात होत्या. डिसेंबरशिवाय वाटायच्या नाहीत, असा नियम. बर्फाला कुणी कळवला होता का तो नियम?

"निदान एकेक करून सोडा," मी म्हणालो.

"वेळ नाही."

दोस्त वळून म्हणाला, "चल की गड्या, गुडघ्याएवढं तर हाय!"

मध्यावर पायाखाली धप्प आवाज झाला. वर एक भेग सरसर पळाली आणि अख्खा उतार निसटला. मी कडेला होतो, कंबरेपर्यंत रुतलो. दोस्त दिसेनासा झाला. काठ्या खुपसत दोन तास शोधला. हातभर खाली होता. हातभर!

रजेवर आलो तेव्हा त्याच्या वडिलांनी पलटणीचं पत्र माझ्यापुढे धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं. 'निसर्गाच्या कोपामुळे वीरमरण' असं लिहिलं होतं. ते मी वाचून दाखवलं.

"म्हंजी गोळी न्हाई लागली?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आबा."

"मग कुनी मारला?"

मी सगळं सांगितलं. भेटायला येऊन बसलेल्यांतला एक जाणता म्हणाला, "आता कशाला सांगतूस रं? म्हाताऱ्याच्या दुःखात भर."

"खोटं ऐकून पोरगं माघारी येतंय व्हय?" मी ओरडलो. आबांसमोर तसा आवाज मी कधी चढवला नव्हता.

आबा रडले नाहीत. पत्राची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "तुज्या साहेबाला दे. म्हनावं, ह्ये आमचं न्हवं."

दिलं. त्या वर्षीची माझी बढती गेली. गेली तर गेली.