मंगळीच्या दुधात काहीतरी

आईची म्हैस मंगळी विकायची ठरली, तेव्हा मी शांतपणे तक्ता भरत होतो.

तक्रार दुधाची होती. पळसदरीला आमच्या आळीत आई ज्या तीन घरांना दूध घालायची, ती तिन्ही दूध परत करू लागली.

"दुधाला झालंय काय?" मी त्यातल्या एका घरी विचारलं.

"झालं नाय काय. पन काहीतरी हाय."

एवढीच माहिती! मी खालापूरच्या कारखान्यात माल तपासणारा माणूस (तिथे 'काहीतरी' हा दोष चालत नाही). चारा, पाणी, भांडी, ताप, अशी चौदा कारणं आखली. डॉक्टर म्हणाले, म्हैस ठणठणीत आहे. मग पेंड बदलली, भांडी बदलली, आईला धारेआधी दोनदा हात धुवायला लावले (हे अजून बोचतं). शेवटी बायकोनं रविवारचा टेंपो सांगितला. आई त्या दिवशी जेवली नाही.

मग शेजारची भिमाकाकू आली. पन्नास वर्षं तिनं म्हशी सांभाळल्यात. मी तक्ता दिला. तिनं त्यावर तंबाखूची डबी ठेवली आणि गोठ्याच्या दारात उभी राहिली. आई आत गेली, मंगळीनं मान पुढे केली. बायको गेली, तिचा हात चाटला. मी गेलो, तशी मंगळी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

काकूनं दोघींना चहा ठेवायला घरात पिटाळलं.

"काय घालतोस रं हिला?"

"मी? काही नाही."

"बोल."

"कारल्याचा रस."

माझी साखर वाढलेली. बायको रोज सकाळी पेलाभर रस हातात द्यायची. मी 'फिरत फिरत पितो' म्हणून गोठ्यात जायचो आणि पेला मंगळीच्या आंबोणाच्या (भिजवलेल्या पेंडीच्या) बादलीत रिकामा करायचो. महिनाभर!

"काकू, तुला कळलं कसं?"

"आता ते काय सांगू? बघितलं नि वाटलं. उद्यापासून तू पी. तिच्यापुढं उभा राहून पी."

घरात मात्र ती म्हणाली, "पोराच्या तक्त्यात घावलं गं. टेंपो आठ दिस थांबीव."

आठ दिवसांत दूध सुधारलं. मंगळी राहिली. आईनं आळीभर माझी हुशारी सांगितली, आणि मी गप्प बसलो. आज पहिल्यांदा कबूल करतोय.

तेव्हापासून कुणाचंही जनावर बिघडलं की मला बोलावणं येतं. मी वही घेऊन जातो, गंभीर चेहरा करतो, आणि गुपचूप काकूचं दार गाठतो. ती जागची हलत नाही. आधी एवढंच विचारते, "ह्याला काय पाजलंस?"