इमेल्डाचं खरं दुखणं

आयर्लंडमधल्या आमच्या किलडून गावात मंगळवारी गुरांचा बाजार भरला की डेलिया मल्डेरिगच्या तोंडाला कुणी लागत नसे. बाजाराच्या कॅन्टीनमध्ये ती सकाळपासून खारवलेलं डुकराचं मांस, कोबी आणि बटाटे शिजवत उभी असायची, आणि तिचा चहा इतका जहाल की दोन घोट पोटात गेल्यावर माणूस वासराच्या किमतीवरून चाललेलं भांडण विसरायचा. हीच बाई शनिवारी चर्चमधल्या वेदीची पांढरी वस्त्रं धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून घेऊन जायची. त्यांवर एखादी सुरकुती राहिली तर फादर मोरानना दिसायचीही नाही, डेलियाला मात्र रात्रभर टोचायची. खोटं बोलणं तिला जमत नसे आणि दुसऱ्याचं खोटं तर मुळीच खपत नसे. गाव तिला टरकून असे आणि घराची किल्ली ठेवायची झाली तर तिच्याकडेच ठेवी.

नवरा मार्टिन तरुणपणीच गेला. मूल एकच, इमेल्डा. आठ-आठ, दहा-दहा पोरांच्या आमच्या गावात एकच मूल म्हणजे लोकांच्या जिभेला आयतंच काम. खरी गोष्ट अशी होती की डेलियाला मूल राहतानाच मुश्किलीनं राहिलं होतं. पाळीच्या दिवसांत ती कॅन्टीनच्या मागच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यांवर गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि पुन्हा उठून पळी हातात घ्यायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. बाईचा जन्म घेतला की एवढं आलंच, अशी तिची पक्की समजूत होती.

त्यामुळे इमेल्डा शाळेत असल्यापासून महिन्याच्या महिन्याला कळांनी लोळू लागली, तेव्हा डेलियानं तिला आपल्याला ठाऊक होतं तेच दिलं. गरम पाण्याची पिशवी, साखर घातलेली कढत व्हिस्की आणि उपदेश.

"देवाला वाहून टाक ते दुखणं," ती म्हणायची. "मेल्यावर शुद्धीच्या आगीत अडकलेल्या एखाद्या जिवाची तुझ्या कळांनी सुटका होईल."

"मम्मी, माझ्या कळांनी आतापर्यंत तिकडची सगळी माणसं सुटली असतील," इमेल्डा उशीत तोंड खुपसून म्हणायची. "आता नवीन आणून बसवायला लागतील."

डेलियाला हसू यायचं आणि ती पिशवीत पुन्हा गरम पाणी भरायची. पोर गोड होती, आईसारखीच सरळ, फक्त जीभ मऊ.

त्या काळात आमच्या देशात मूल न होऊ देण्याचं कुठलंही साधन विकणं गुन्हा होता. पोपसाहेबांनीही गर्भ रोखणाऱ्या गोळीवर बंदी जाहीर केली होती. पण औषधाच्या दुकानात तीच गोळी मिळायची, पाळी नियमित करण्याचं औषध म्हणून! झालं. बघता बघता गावोगावच्या बायकांच्या पाळ्या बिघडल्या. कॅन्टीनमध्ये भांडी घासायला येणारी नॅन गॉहन, पाच पोरांची आई, हा किस्सा रंगवून सांगायची.

"डॉक्टर मला विचारतात, नॅन, पाळी लहरी झालीय का? मी म्हटलं, डॉक्टर, पाचवं झाल्यापासून अगदी वेड्यासारखी वागतेय हो!"

"आणि नवऱ्याला काय सांगितलंस?" कुणीतरी विचारलं.

"त्याला कशाला सांगू? पिठाच्या डब्यात ठेवते पाकीट. मेल्याचा हात जन्मात पिठाला लागलेला नाही."

बायका पोट धरधरून हसल्या. डेलिया हसली नाही. "वर गेलीस की सांग देवाला, पाळी लहरी होती म्हणून," ती म्हणाली आणि कोबीवरचं झाकण आदळलं.

इमेल्डा टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली. जार्लथ कॉस्टेलो नावाच्या साखर कारखान्यातल्या भल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. अन् एके दिवशी ती कामावरच चक्कर येऊन पडली. कानाला यंत्र लावलेलं तसंच. गॉल्वे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बेंबीतून बारीक नळी घालून आत पाहिलं. चार दिवसांनी ती बसनं घरी परत आली ती पिवळी पडलेली, पण तोंडावर एक प्रकारचा सुटकेचा भाव. डेलियानं चहा ओतला. इमेल्डानं पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. लपवली नाहीत, रुमालाखाली सरकवली नाहीत, सरळ आईच्या पुढ्यात ठेवली.

"मम्मी, मला आजार आहे. खरा आजार. त्याला नावसुद्धा आहे, एंडोमेट्रिऑसिस."

गर्भपिशवीच्या आत दर महिन्याला जे अस्तर धरतं, तसंच अस्तर तिच्या पोटात भलत्या ठिकाणी रुजलं होतं. अंगातलं हार्मोन वाढलं की तेही वाढायचं, त्यातून रक्त सुटायचं आणि त्या रक्ताला बाहेर जायला वाट नव्हती. या गोळ्यांनी महिन्याची ती भरती थांबते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इमेल्डानं शाळेतल्या मुलीसारखं सगळं नीट सांगितलं. डेलियाची नजर मात्र पाकिटावरून हलेना. अगदी असंच पाकीट नॅननं एकदा एप्रनच्या खिशातून काढून दाखवलं होतं.

"वा," ती म्हणाली. "लग्न तोंडावर आलं आणि तुझीही पाळी बिघडली."

"मम्मी, खरंच..."

"नॅनचीही खरंच बिघडलीय. मास्तरांच्या बायकोची बिघडलीय. अख्ख्या आयर्लंडची बिघडलीय! मला वाटलं होतं, माझ्या घरात तरी हे सोंग येणार नाही."

"मी नॅन नाही. मला मुलं हवीत. हे आत्ता आवरलं नाही तर पुढं होणार नाहीत कदाचित, असं डॉक्टर म्हणाले."

"मुलं हवीत म्हणून मुलं न होण्याची गोळी खायची? इतकी का गं मी बावळट? मलाही दुखायचं. तू झालीस आणि कमी झालं. लग्न कर, पोर होऊ दे, आपोआप जाईल." मग तिनं शेवटचं अस्त्र काढलं. "आणि ही पाकिटं घेऊन लग्नाला उभी राहणार असशील, तर मी चर्चची पायरी चढणार नाही. वस्त्रांना इस्त्री करून पाठवीन आणि घरी बसेन."

इमेल्डानं पाकिटं गोळा केली. मग ती उठली, चुलीचं लोखंडी झाकण उचललं आणि पाकिटं स्वतःच्या हातानं आत टाकली. दलदलीतल्या वाळक्या मातीच्या, पीटच्या निखाऱ्यांवर जराशी फसफस झाली. त्या संध्याकाळी डेलियानं तिला सफरचंदाच्या पायचा मोठा तुकडा वाढला. पोर वाचली, असंच तिला वाटलं. मनापासून वाटलं, हीच तर यातली वाईट गोष्ट.

लग्न झालं. मूल काही झालं नाही. कळा मात्र वाढल्या. आता त्या महिन्यातल्या ठरावीक दिवसांपुरत्याही राहिल्या नाहीत. बसताना दुखे, उठताना दुखे, नवऱ्याशेजारी झोपायचीही तिला भीती वाटे. आणि गावाच्या जिभेला पुन्हा काम मिळालं.

"तुमच्या इमेल्डाचं बरं चाललंय," बाजारात एका शेतकऱ्याच्या बायकोनं डेलियाला डोळा घातला. "नोकरी आहे, मोटार आहे, पोरांची कटकट नाही. गोळ्या घेत असेल."

"माझी मुलगी गोळ्या घेत नाही!" डेलियानं पळी आपटली. हे वाक्य ती ताठ मानेनं म्हणायला गेली, पण शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला उठताना इमेल्डानं पुढचं बाक दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ओठ पांढरे होईपर्यंत चावले होते, ते डेलियाच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

शेवटी एकतिसाव्या वर्षी इमेल्डाचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढावे लागले. आतलं सगळं एकमेकांना चिकटून गेलं होतं. दवाखान्याच्या बोळात एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी डेलियाला बसवलं आणि समजावलं, घाई न करता.

"अंडाशयातून इस्ट्रोजेन निघतं, ते या अस्तराला खतपाणी घालतं. प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालायला असतं, पण भलत्या जागी रुजलेलं अस्तर त्याचं फारसं ऐकत नाही. म्हणून तेच त्या गोळ्यांतून जास्त द्यावं लागतं, रोजच्या रोज, म्हणजे अंडाशयही गप्प बसतात आणि अस्तराची उपासमार होते. तुम्हाला तरुणपणी असाच त्रास होता का हो?"

डेलियानं होकारार्थी मान हलवली. कॅन्टीनमागच्या बटाट्यांच्या पोत्यांचा वास तिच्या नाकात आला.

"घराण्यात चालतं हे पुष्कळदा."

"तिनं तेव्हाच गोळ्या घेतल्या असत्या तर?" डेलियानं विचारलं. "मुलं झाली असती?"

"तसं छातीठोक नाही सांगता येणार. गोळीनं हा आजार मुळापासून जात नाही. पण एवढा पसरला नसता, असं मला वाटतं. आणि इतकी वर्षं हे दुखणं तरी तिला काढावं लागलं नसतं."

डॉक्टरीणबाईंनी ठामपणे दोष दिला असता तर डेलियाला बरं झालं असतं. हे "मला वाटतं" घेऊन ती घरी आली आणि त्या शनिवारी वस्त्रं द्यायला गेली तेव्हा फादर मोरान यांच्यापुढं मोकळी झाली. पाळी हा शब्द तिनं आयुष्यात प्रथमच पुरुषासमोर उच्चारला. फादर म्हातारे झाले होते. त्यांनी चष्मा काढला.

"पण डेलिया, आजारावरचं औषध म्हणून घ्यायला कधीच मनाई नव्हती. पोपसाहेबांनी स्वतः तसं लिहिलंय. तू मला विचारलं का नाहीस?"

काय सांगणार? लाज वाटली, म्हणून विचारलं नाही. पोपपेक्षाही कडक धर्म तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात चालवला होता आणि त्याची झळ पोरीला लागली होती.

ऑपरेशननंतर इमेल्डा आईकडे राहायला आली. अंडाशय गेल्यामुळे तिची पाळी कायमची संपली होती. गेलेलं इस्ट्रोजेन औषधानं लगेच भरून द्यायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या, कारण आत राहिलेले त्या अस्तराचे ठिपके पुन्हा माजले असते. डेलियाचीही पाळी नुकतीच थांबली होती. एका दुपारी बटाटे सोलताना दोघींच्या अंगाची एकदमच लाही झाली. डेलियानं दार उघडलं. बाहेर गारठा होता, तरी दोघी घामाघूम होऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"बघ मम्मी," इमेल्डा हसली. "आपण दोघी एकाच वयाच्या झालो."

डेलियाला ते हसू सोसवेना. "माझं चुकलं गं पोरी," ती म्हणाली. "फादर म्हणतात, आजारासाठी बंदी नव्हतीच. मी तुझं खरं मानलं नाही. ती पाकिटं तुझ्या हातानं टाकायला लावली मी."

इमेल्डानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. ती रागावली असती, रडली असती, तर डेलियाला काही तरी करता आलं असतं.

"गॉल्वेहून येताना बसमध्ये मी हाच विचार करत होते," ती म्हणाली. "तुला सांगावं की नाही. सगळ्या जणी लपवतात, आपणही लपवावं. तुला कधी कळलंच नसतं."

"मग का नाही लपवलंस?"

"तुझ्याशी खोटं बोलायची सवयच नव्हती मला. तूच लावली नाहीस."

ती आत जाऊन पुन्हा बटाटे सोलायला बसली. डेलिया दारातच उभी राहिली. पोरीला आपण एवढं सरळ वाढवलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.