आत कोणी हाय का?

शमीमआपा कॉम्प्युटरवरची फाइल बंद करण्याआधी हाक मारायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगली खणखणीत. सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "आत कोणी हाय का?" नवीन लागलेला माणूस दचकायचा, संडासाच्या दाराशी कोणी खोळंबलंय की काय, असं त्याला वाटायचं. आम्ही जुने मात्र जागेवरूनच ओरडायचो, "न्हाई आपा, निघालो!" मगच त्या आत वळायच्या.

भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, त्यातलाच आमचा एक. मी खाली प्रवेशाच्या खिडकीवर बसायचे आणि आपा सर्व्हर सांभाळायच्या. प्रवेश, फी, हजेरी, सगळं कॉम्प्युटरवर. पण माणसं मात्र आपलीच. प्रोग्रॅम चालू ठेवून चहाला जायची ती तासाभराने उगवायची. तोवर फाइल उघडी आणि उघडी फाइल असली की दिवसाची यादी निघत नसे. कोणत्या मशीनने काय उघडं ठेवलंय ते आपांच्या पडद्यावर दिसायचं. तिथूनच ते जबरदस्तीने बंदही करता यायचं, पण मग पलीकडच्याने टाइप करून सेव्ह न केलेलं सगळं जायचं.

"उघड्या फाइलीत माणूस बसलेला असतो," आपा म्हणायच्या. आणि तो माणूस चहाच्या टपरीवर सापडला की त्याची धडगत नसे. "घरी गॅसवर दूध ठेवून असाच फिरतो का रे?" सगळ्यांदेखत विचारायच्या. मग त्यालाच स्वतःच्या डब्यातली खिचडी वाढायच्या. त्यांचा राग डबा उघडेपर्यंतच टिकायचा.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मात्र त्यांचं वेगळंच रूप दिसलं. दुपारी वीज गेली. सगळी इमारत एका यूपीएसवर आणि तो कुरकुरायला लागलेला. अंगणात पालक यादीची वाट बघत उभे, आणि वरच्या मजल्यावरच्या मशीनने प्रवेशाची फाइल उघडीच ठेवलेली. तिथला गणेश खोलीला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून, लातूरजवळच्या मुरुडला बहिणीच्या सुपारीला गेलेला.

आमचे संचालक सर मनाने चांगले, पण त्या दिवशी त्यांचाही धीर सुटला. "आपा, यूपीएस बसला तर सगळंच जाईल. बंद करून टाका ती फाइल."

"आधी हाक मारू द्या, सर."

त्यांनी मुरुडला फोन लावला. पलीकडे बायकांचा कलकलाट चाललेला. "गणेश, कोणाला अर्धं सोडून गेलास?" गणेश आठवून आठवून म्हणाला, "आपा, इस्लापूरची एक पोरगी हाय. दाखल्याची झेरॉक्स आणाया तिचा बाप फॉर्म घेऊन गेला. नाव न्हाई बघा ध्यानात. सेव्ह करायचं राहिलं."

म्हणजे कागद बापाबरोबर आणि नाव फक्त वरच्या पडद्यावर. फाइल तोडली असती तर ती मुलगी यादीत आलीच नसती. तिची जागा प्रतीक्षेतल्या दुसऱ्याला गेली असती आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

"तोडायचंच असंल तर कुलूप तोडा, सर," आपा म्हणाल्या.

सरांनी शिपायाला हातोडा आणायला सांगितला. कुलूप तुटलं. आपा धापा टाकत जिना चढल्या, सेव्ह केलं, फाइल बंद केली. यादी छापून होते न होते तोच यूपीएसने मान टाकली. मग बाप झेरॉक्स घेऊन आला, बिचारा उशिराबद्दल माफी मागत होता. आपांनी यादीतल्या नावावर बोट ठेवलं. "ही तुमचीच ना? पाणी प्या आधी."

त्या संध्याकाळी मी विचारलं, "आपा, ही हाक तुम्हाला शिकवली कोणी?" त्या सहज म्हणाल्या, "भूकंपात आमचं घर बसलं ना, मी आत होते. लोक भिंत ओढून पाडून राहिले होते. पाडणारच, तेवढ्यात कोणीतरी वरडलं, थांबा, आत कोणी हाय का? मी आतून हाव म्हणले. म्हणून तर चहा पिऊन राहिले तुझ्यासंगं." आणि खरंच चहा पिऊ लागल्या.

पुढे उघड्या फाइली आपोआप बंद करणारा नवा प्रोग्रॅम आला. आपाही थकल्या होत्या. नांदेडला लेकीकडे जायचं त्यांनी ठरवलं. शेवटच्या दिवशी हारतुरे झाले, सगळे पांगले. मी दिवे मालवले आणि कुलूप लावता लावता सवयीने ओरडले, "आत कोणी हाय का?"

"हाव, हाय ना मी," अंधारातून आवाज आला. "थांब जरा."

सर्व्हरच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. मी दिवा लावला नाही. त्यांचं होईपर्यंत दारात उभी राहिले.

गेल्या वर्षी नांदेडहून त्या वारल्याची बातमी आली. मला फार रडू आलं. आता क्लासच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. संध्याकाळी दार ओढण्याआधी मी रिकाम्या इमारतीत हाक मारते, आणि लगेच कुलूप लावत नाही. जरा थांबते.