आईचं गोडं पाणी

आमच्या घरात आईच्या वाट्याला शेवटी एकच काम उरलं होतं, पाणी भरण्याचं. माझं लग्न झालं तसं स्वयंपाकघर बायकोकडे गेलं. वडील गेले आणि त्यांची पथ्यं, काढे, औषधांच्या वेळा हेही संपलं. राहिला पहाटेचा नळ. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत पाचला पाणी यायचं आणि साडेसहाला जायचं. तेवढ्यात ती घागरी, बादल्या, न्हाणीतला बॅरल सगळं भरून काढायची आणि पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून तांब्याच्या हंड्यात ओतायची. त्या हंड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. एक दिवसाआड चिंच लावून ती तो घासायची. पाहुणे आले की बायको चहा टाकेपर्यंत आई पाणी घेऊन हजर असायची आणि वर सांगायची, "आमच्यात तांब्याच्या हंड्यातलंच पाणी असतंय, पावणं. औषध हाय ते." हे काम मी तिच्या हातून काढून घेतलं, आणि तेही एका फिशटँकपायी.

मी शिरोली एमआयडीसीत टर्नर होतो. हातात कसब होतं आणि डोक्यात हवा होती. फौंड्रीतून आलेला ओबडधोबड कास्टिंगचा तुकडा लेथवर लावून केसाच्या जाडीइतकाही फरक न ठेवता उतरवायचा, हे मला जमत होतं; त्यामुळे जगातलं बाकी सगळंही आपल्याला जमतं अशी माझी खात्री होती. दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. कंपनीतल्या पोरांबरोबर रत्नागिरीला गेलो होतो, तिथं समुद्रातल्या माशांचं मत्स्यालय बघितलं आणि खुळा झालो. आमच्या गल्लीत गोल्डफिश दोन-तीन घरांत होते. ते मला एकदम पाणचट वाटायला लागले. आपल्या घरात समुद्रच आणायचा, असं मी ठरवलं. कुणाला विचारावं, थोडं वाचावं, असं मनात आलंसुद्धा नाही.

काचेचा टँक मी स्वतः चिकटवला. तळाशी जाळीची प्लेट, तिच्यावर शंखशिंपल्यांची जाड वाळू, आणि त्या वाळूतून पाणी खेचून गाळायचं, अशी रचना होती. प्लेट पाण्यात तरंगून वर यायची. मग जेवणाच्या सुट्टीत मी पितळेच्या गजाच्या तुकड्यांतून चार जड कडी काढली, पॉलिश केली आणि प्लेटच्या चार कोपऱ्यांत बसवली. सुपरवायझरनं हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "माशासाठी एवढा जॉब? लेका, तुझी कमाल हाय." मी ती कौतुकानं वाळूखाली गाडून टाकली.

समुद्राचं पाणी आणायचं काम रत्नागिरीला माल पोचवणाऱ्या टेंपोवाल्याला दिलं. त्याला वाट वाकडी करायची नव्हती. त्यानं जेटीवरच कॅन बुडवले आणि आंबा घाट चढून डिझेलचा तवंग असलेलं पाणी माझ्या दारात आणून उतरवलं. मी तवंग वर्तमानपत्राच्या कागदानं टिपून काढला आणि पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी मुंबईच्या माशांच्या व्यापाऱ्याकडून थर्मोकोलच्या खोक्यातून चार निळे मासे मागवले. आठवडाभरात चारही मेले.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून व्यापाऱ्याला फोन लावला. त्यानं विचारलं, "टँक किती दिवस रिकामा फिरवला होता?" म्हटलं, तीन. तो हसला. माशांची घाण खाणारे बारीक जीव वाळूत वाढायला महिना-दीड महिना लागतो, तोवर पाणी नुसतं खेळवत ठेवायचं असतं, हे त्यानं सांगितलं. "मग आधी सांगायचं की," मी चिडून म्हणालो. "तुम्ही विचारलंत कुठं?" तो म्हणाला. त्याचं खरं होतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

पुढच्या खेपेला पाणी चांगल्या किनाऱ्यावरचं आणवलं आणि दीड महिना थांबलो. पण पंख्यानं आणि उन्हाळ्यानं पाणी रोज बोटभर उडायचं, ते मी समुद्राच्याच पाण्यानं भरून काढत होतो. काचेच्या कडेला पांढरी खपली धरायला लागली. आई ती नखानं खरवडून बघत म्हणाली, "पाणी उडतंय, मीठ कुठं जातंय रं? ते आतच ऱ्हातंय की. कालवण आटवल्यावर खारट हुत न्हाय व्हय?" मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?" आठवड्यानं व्यापाऱ्यानं फोनवर नेमकं तेच सांगितलं, तेव्हा मात्र मी घरी येऊन सगळ्यांना ते समजावून दिलं. आईलासुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

तर आता उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालायचं होतं. माझी पहिली पाळी, सहाला घर सोडायचो. मी आईला सांगितलं, "नळाचं थेट घालू नको, त्यात जंतू मारायची पावडर असते. रात्रभर ठेवलेलं पाणी तांब्याभर घालत जा." रात्रभर ठेवलेलं म्हटल्यावर तिच्यापुढे दुसरं कुठलं पाणी येणार होतं? हंड्यातलं, गाळलेलं, झाकलेलं, घरातल्या माणसांना द्यायचं ते. तेच ती माशांना देऊ लागली. कुठलं घालतेस, हे मी एकदाही विचारलं नाही.

पुढचे दोन महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या दोन माशांची जोडी आली आणि त्यांच्यासाठी एक समुद्रफूल आलं. ते दिसतं फुलासारखं, पण जिवंत प्राणीच. खडकाला चिकटून बसतं आणि बोटांसारखे हात पाण्यात हलवत राहतं. मासे त्याच्यात शिरून लोळायचे. आईनं टँकसमोर पाट टाकला होता. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, आई त्यांना सगळं समजावून सांगायची आणि शेवटी म्हणायची, "खारं पाणी पोराचं, गोडं माझं." वडील गेल्यापासून तिला असं चारचौघांत मोठ्यानं बोलताना मी बघितलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं, पण तसं तिला म्हणालो नाही.

मग फूल आक्रसायला लागलं. हात आखडले, रंग उडाला. उपाशी असेल म्हणून मी कोळंबीचे तुकडे जास्त टाकले, ते तळाशी कुजले. पाणी गढुळलं म्हणून पंपाच्या गाळणीचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला, म्हणजे दीड महिना थांबून जे जीव वाढवले होते त्यांतलेही बरेच गटारात सोडले. एक चूक झाकायला दुसरी, असं चाललं होतं. एका रविवारी सकाळी टँक दुधासारखा पांढरा झाला होता आणि खोलीत थांबवत नव्हतं. फूल विरघळून गेलं होतं. दुपारपर्यंत दोन्ही मासे आडवे झाले.

मी बूथवर गेलो. व्यापारी रविवारीही दुकानात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाण्यात तांबं-पितळ काही गेलंय का? थोडंसुद्धा? त्या फुलाला ते विष असतं. फूल मेलं की त्याच्या घाणीनं बाकीचे मरतात." रिसीव्हर ठेवतानाच आईचा हंडा माझ्या डोळ्यांपुढं आला. घरी येईपर्यंत माझं डोकं फुटायच्या बेताला आलं होतं.

आई टँकपाशीच उभी होती. शेजारच्या दोघी आल्या होत्या, बायको होती. मी विचारलं, "पाणी कशातलं घालत हुतीस?"

"हंड्यातलं की. चांगलं गाळून."

"तुझ्या पाण्यानं मारलंस समद्यास्नी," मी ओरडलो. "तांब्याचं विष हाय त्यात. उद्यापास्नं ह्या घरातल्या कुठल्याच पाण्याला हात लावायचा न्हाय तू."

शेजारणी निघून गेल्या. बायको म्हणाली, "अवो, आत्तींना काय बोलताय?" आईनं माझ्याकडे बघितलं नाही. पदरानं हात पुसले, कोरडेच होते ते, आणि आत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पाचला नळ आला. घागरीत धार पडल्याचा आवाज येईना म्हणून मी जागा झालो. नळ तसाच मोरीत वाहत होता आणि आई अंथरुणावर बसून ऐकत होती. रागाच्या भरात आपण काय बोललो, हे मला त्या वेळी पुरतं कळलं. "चुकलं, ऊठ आई," एवढंच म्हणायचं होतं. मी बायकोला पाणी भरायला उठवलं.

आई भांडली नाही, रडली नाही. जेवायची, बोलायची, सण करायची. पाण्याला मात्र हात लावायची नाही. पाहुणे आले तर जागेवरून हाक मारायची, "सूनबाई, पाणी दे गं." महिन्याभरात आईनं हंडा मोडीत घातला आणि स्टीलचं पिंप घेतलं. तिच्या आईनं लग्नात दिलेला हंडा होता. मी कंपनीतून आलो तर कोपरा रिकामा होता आणि फरशीवर एक गोल डाग तेवढा राहिला होता.

टँक दोन महिने तसाच पडून होता. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी तो मोकळा करायला घेतला. वाळू काढत तळाशी गेलो आणि माझी चार कडी हाताला लागली. ओळखू येईनात. हिरवीगार झाली होती, खड्डे पडले होते, मी केलेली पॉलिश कुठंच नव्हती. पितळ म्हणजे निम्म्याहून जास्त तांबंच, हे टर्नरला कुणी सांगायला लागत नाही. आईच्या तांब्याभर पाण्यातून किती उतरलं असेल? थोडंफार उतरत असेलही. माझं पितळ मात्र मिठाच्या पाण्यात रात्रंदिवस झिजत होतं, आणि ते मीच गाडलं होतं. मी इकडंतिकडं बघितलं. आई बाहेर कट्ट्यावर होती. कडी कागदात गुंडाळून मी डब्याच्या पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी नेऊन भंगाराच्या पिंपात टाकली, ती भट्टीत गेली असतील.

घरी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. हंडा असता तर सांगता आलं असतं, आता तो गेल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं, असं मी मला समजावलं. कडी टाकली त्याच दिवशी येताना मोठा निळा ड्रम आणला, खाली तोटी असलेला. घरात मोटर बसवली. पाणी भरायची कुणाला गरजच पडू नये, अशी व्यवस्था केली. लोक म्हणाले, पोरगं आईची काळजी घेतंय.

सात वर्षं गेली. एका मे महिन्यात बायको मुलीला घेऊन जयसिंगपूरला माहेरी गेली होती. मी दुपारी कंपनीतून आलो, उन्हानं जीव कासावीस झाला होता. सवयीनं म्हणून गेलो, "आई, पाणी दे गं." ती पलंगावर बसली होती. उठली नाही. म्हणाली, "घे बाबा तुझ्या हातानं."

मला ते सहन झालं नाही. मी तिथंच खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ती चार कडी, वाळू, हिरवं पितळ. "तुझं पाणी न्हवतं आई. माझंच हुतं ते."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"तुझ्या डब्याची पिशवी मीच झाडून ठेवती नव्हं? त्या सांजच्याला कागद बघितला त्यात. हिरवं चढल्यालं पितळ मला कळायचं न्हाय व्हय? जल्म गेला भांडी घासण्यात."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, सकाळी सांगशील. सकाळी तू पिशवी घेऊन गेलास. आलास ते निळा ड्रम घेऊन."

मी तिचे पाय धरले. म्हणालो, उद्या नवा हंडा आणतो, तांब्याचा, तसाच. पहिल्यासारखं तूच पाणी भरायचं. तिनं पाय मागं घेतले, रागानं नाही, गुडघे दुखत होते म्हणून.

"नको," ती म्हणाली. "तवा हंडा उचलत हुता रं. आता भरल्याला तांब्याबी धरवत न्हाय."