सरांनी थुंकलेल्या रेषा

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलंय, पंखा घरघरतोय, मांडीवर लॅपटॉप आहे. उकिडवे सर जाऊन आज बारावा दिवस. स्मरणिकेसाठी त्यांच्यावरचा लेख मला पाचपर्यंत द्यायचाय आणि मी 'सरांची शिस्त' या दोन शब्दांवर अर्धा तास अडकलेय. डोळे मिटतात, उघडतात. अक्षरं एकमेकांवर सरकतात. डोळे पुन्हा मिटतात.

"झालं का लिहून?" सर विचारतात.

ते समोरच बसलेत. आमच्या संस्थेचं कॅन्टीन आहे, फक्त त्याला खिडक्या नाहीत. सर वारलेत हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे, पण त्याचं काही वाटत नाही. त्यांच्यापुढे मिसळ आहे, रश्श्यावर तेलाचा जाड तवंग. सर चमचा घेत नाहीत. बोट बुडवून ढवळतात, आणि लाल तेल भोवऱ्यांत फिरू लागतं.

"सूर्याकडून येणारा प्लाझ्मा असाच की नाही, हेमांगी?"

बावीस वर्षं आम्ही दोघांनी हेच काम केलं. सूर्यातून सुटलेला तो विद्युतभारित वायू घुसळत घुसळत पृथ्वीपर्यंत येतो. त्यातल्या चुंबकीय रेषा कुठे किती वळतात, ते यानांनी पाठवलेल्या आकड्यांवरून काढायचं.

सर रश्श्यातून एक रेषा ओढून काढतात. लांब, काळी, केसासारखी. रेषा संथ वळत जाते, पण एका जागी पार दुमडलीय. सर नेमकी तेवढी जागा दातांनी तोडतात आणि टेबलावर थुंकतात.

"कचरा."

पुढची रेषा. तोडतात, थुंकतात. लाळेत भिजलेल्या तुकड्यांचा ढीग होतो.

हाच शब्द त्यांनी जनार्दन तुमडामच्या कामाला वापरला होता. जनार्दन चंद्रपूरहून आलेला, माझ्यानंतरचा संशोधक विद्यार्थी. दोन वर्षं खपून त्याने दाखवलं, की अशी दुमडलेली वळणं आपण धरतो त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि चुंबकीय क्षेत्र जिथे दुबळं पडतं तिथेच ती सापडतात. सर म्हणाले, उपकरणाचा दोष आहे, कचरा आहे. त्याची शिष्यवृत्ती वाढवली नाही. तो वरोऱ्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला गेला. सहा वर्षांनी तेच निष्कर्ष एका नियतकालिकात छापून आले. लेखक दोन, उकिडवे सर आणि मी. आलेख त्याचेच होते. रंग तेवढे मी बदलले.

"सर, हे तुकडे जनार्दनचे आहेत," मी म्हणते.

"होते. पण त्याला ते चारचौघांत मांडता आले असते का? तूच सांग."

ते तो ढीग रुमालात गोळा करतात. आता आम्ही व्याख्यानगृहात आहोत. खुर्च्या भरलेल्या. सर रुमाल उलगडतात आणि लोक टाळ्या वाजवतात. आंबलेल्या अन्नाचा वास पसरलाय, पण कुणी नाक दाबत नाही. सर चिमटीत एक ओला तुकडा धरून माझ्या ओठांपाशी आणतात.

"घे. तुझाही वाटा आहे यात."

मला शिसारी येते. आणि तरी मी तोंड उघडते. तुकडा घशात अडकतो, मी आवंढ्यावर आवंढा गिळते. सर मायेने पाठीवर हात फिरवतात. त्या हाताचीही घाण वाटते.

सरांच्या खोलीचं दार. दारावरच्या काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात दोन नावं आहेत, त्यांचं आणि माझं. मी नखाने माझं नाव खरवडू लागते.

"आता कशाला?" सर मागून विचारतात. "मी होतो तेव्हा एकदा तरी म्हणालीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"ऐकलं असतं. भित्रा होतो गं मी. तू नुसतं नको म्हणाली असतीस, तरी मी छापलं नसतं."

मघापासून मला त्यांची किळस येत होती. आता ती कुणाची येतेय ते कळतं. मी जोर लावते. नख मुळापासून उलटतं.

मी ओरडूनच उठते. पावणेचार. उजव्या हाताच्या तर्जनीचं नख खरोखरच मोडलंय, रक्त आलंय. नखाच्या फटीत पांढऱ्या रंगाची पापुद्र्यासारखी कपची आहे. माझ्या घरात असा रंग कुठेच नाही.

बोट नळाखाली धरायचंही सुचत नाही. मी फोन उचलते. जनार्दनचा नंबर आमच्या जुन्या व्हॉट्सअॅप गटात अजून आहे.

"ताई? इतक्या वर्षांनी?"

"जनार्दन, ते काम तुझं होतं."

त्याच्या मागे कुकरची शिट्टी होते.

"मला माहीत आहे ते," तो म्हणतो. "तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच."

मग तो अगदी साध्या आवाजात विचारतो, "लेखी द्याल?"

"देते," मी म्हणते. शिस्तीवरचा लेख पुसून मी त्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेते. मोडक्या नखाचं बोट प्रत्येक अक्षराला ठणकतं, आणि कळांवर रक्ताचे ठिपके उठत जातात.