अधिकची खूण

जयराज चहा गार करून प्यायचा. पत्रिका हातात आली की आधी मागची बाजू बघायचा, छापली कुठं ते. देवळाच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासून मग हात जोडायचा. मला ‘एमे’ म्हणायचा. मराठीत एम.ए. करून मी त्याच्याच दुकानात बसलेला असायचो.

दुकान विश्रामबागेत. काम मुख्यतः लग्नपत्रिकांचं. छपाईच्या तोंडावर कुणीतरी चुलता रुसायचाच. त्याचं नाव वर सरकवलं की सगळी मांडणी विस्कटायची. मग जयराजने कॉम्प्युटरवर सोप्या खुणा ठरवल्या. साध्या मजकुरात नावाआधी खूण टाकायची, कळ दाबायची. पत्रिका आपोआप मांडून यायची. निमंत्रकाला चांदणी. शेवटच्या, पोराटोरांच्या ‘यायचं हं!’ला लाटेसारखी रेघ. अधिकचं चिन्ह टाकलं की नावाला ‘कै.’ लागायचं आणि ते थेट वर जायचं.

“मेलेल्याला अधिक का रे?” मी विचारलं होतं.

“वर गेला की अधिकच की, एमे. खाली हुता तवा कोण मोजत हुतं?”

उन्हाळ्यात कोयनानगरच्या घाटात त्याची गाडी घसरली. पुढचं वाक्य मला अजून लिहिता येत नाही.

त्याच्या बहिणीचं, दीपमालाचं लग्न तेव्हा पुढे ढकललं. पत्रिका त्यानेच करायला घेतली होती. काल ती आणि आई शालूबाई वडूजहून आल्या. मी त्याची फाइल उघडली. भावांच्या नावांत जयराज होता. मी त्याच्याआधी अधिक टाकलं, कळ दाबली. तो उडी मारून आजोबांशेजारी जाऊन बसला.

“काढ ते,” शालूबाई म्हणाल्या.

“आवं मावशी, रीत असते...”

“रीत मला म्हाईत हाय. आज्याच्या रांगंत बसायचं वय हाय व्हय त्येचं?”

“आये, तसंच खाली ठिवलं तर पावणं काय म्हणतील?” दीपमाला म्हणाली.

मी उगाच फाइल खाली सरकवली. शेवटी लाटेची रेघ होती. ‘आमच्या दीपीच्या लग्नाला यायचं हं!’

“दादा म्हणायचा,” दीपमाला हळूच म्हणाली, “पोरांच्यात पयलं नाव माजं.”

त्या ओळीत ‘कै.’ कुणालाच लागत नाही.

“हितं घाल,” शालूबाई म्हणाल्या.

ओळीपुढे जयराजनेच नावांसाठी एक आडवी रेघ मारून ठेवली होती. नावं भरायची राहिली होती.