रुमालाखालचा सौदा

साळूबाईला नावं ठेवणारी माणसं अजून हायती. म्हणत्यात, बाईनं भर बाजारात नवऱ्याची अब्रू घालवली. घालवली, व्हय! पण त्यो बाजार मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, तवा आदी माझं ऐका.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. साळूबाई माझी शेजारीण. बाळंतपणातल्या तापानं तिचं दूध आटलं आणि सहा महिन्यांचं पोर माझ्या शेळीच्या दुधावर कसंबसं तगलं. शेळी तरी किती देणार? नवरा हंबीरराव पलटणीतनं रजेवर आला तवा तिनं माहेरच्या पाटल्या मोडायला काढून दिल्या. म्हणाली, "आवं, म्हस घेऊया."

आमी तिघं जतच्या बाजारात गेलो. हंबीररावाच्या मनात एक काळीभोर म्हस भरली. मालकानं दोन वेळची धार तुंबवून कास फुगवून ठिवलेली. साळूनं हात लावून बघितला, तर चौथं सड दगडावानी. तवर मालकाचा आणि हंबीररावाचा हात रुमालाखाली गेलेला. आमच्याकडं जनावराची किंमत तोंडानं बोलत न्हाईत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवत्यात. परक्या गड्याच्या रुमालात बाईचा हात जायाचा कसा? तिनं नवऱ्याची बाही ओढली. "आवं, आदी धार काढून बघा."

मालक हसला. "काय पाव्हणं, घरच्यांना इचारून बोट दाबता व्हय?"

झालं! हंबीरराव लालबुंद झाला आणि सौदा पक्का करून मोकळा. साळू गप्प बसली. मी मेलीबी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी तीनच सडांना दूध आलं, तेबी तांब्याच्या बुडाला. पोराचं भागंना. हंबीरराव मनात उमजला हुता, पण कबूल करंल तर त्यो गडी कसला? "पुढच्या बाजारी हिला इकतो, दुसरी आणतो," म्हणाला. आणि बाजाराच्या आदल्या सकाळपासनं त्यानंबी धार काढू दिली न्हाई. कास पुन्हा टम्म.

आमी तिघं पुन्हा जतला गेलो. गिऱ्हाईक आलं ते कानडी मुलखातलं तरणं जोडपं. बाईच्या कडंवर पोर. हात रुमालाखाली गेले. ती बाई कासेकडं बघून नवऱ्याची बाही ओढाय लागली. त्यानं हात झटकला. मी साळूकडं बघितलं.

साळूला कानडी येतंय कुठलं! ती सरळ म्हशीखाली बसली आणि चारचौघांदेखत चौथं सड पिळलं. थेंब न्हाई. पुन्हा पिळलं. गिऱ्हाइकानं रुमालातनं हात काढून घेतला.

हंबीरराव तडक घरी आला. दारात म्हस बांधली आणि कडाडला, "कुणाच्या पोरासाठी केलंस गं ह्ये? आपलं उपाशी हाय, दिसत न्हाई?"

"मी त्या दिशी गप बसले म्हणून उपाशी हाय," साळू म्हणाली. "आता दुसरीचंबी ठिवू व्हय?"

 रजेचं बारा दिस शिल्लक हुतं, तरी सकाळच्या एष्टीनं हंबीरराव पलटणीत निघून गेला. तीन सडांची म्हस आणि रडणारं पोर, दोन्ही साळूच्या गळ्यात टाकून.